एकाहत्तर नंबरचा डबा

"आमच्या दुकानात दर मंगळवारी मेलेल्या माणसाचा नंबर पुकारला जातो," व्यवस्थापक म्हणाला.

मामांना हसू येत होतं, पण त्याचा चेहरा पाहून ते ओठांवरच विरलं. मामांची भाची मात्र वहीत लिहीत राहिली. सुटे कागद टाचणीने वहीला टोचून ठेवायची तिला सवय होती, म्हणून सगळे तिला टाचणीबाई म्हणत. हरवलेली माणसं आणि लपवलेल्या गोष्टी शोधणं हा तिचा धंदा.

औषधांचं मोठं दुकान. ज्या बाळांना साधं दूध पचत नाही त्यांच्यासाठी खास पावडरीचे डबे तिथे येत, तेही मोजकेच. एका टोकनवर एक डबा. दीड महिन्यापूर्वी टोकन एकाहत्तर हातात धरून बसलेले एक आजोबा खुर्चीतच गेले.

"पुढच्याच मंगळवारी भोंग्यावर आवाज आला. एकाहत्तर, काउंटर चार. कुणी उठलं नाही आणि मांडणीवरचा एक डबा गायब. तेव्हापासून दर आठवड्याला हेच. दोघी नोकरी सोडून गेल्या."

"आजोबा कुणासाठी यायचे?"

"गिऱ्हाइकं शेकड्यांनी येतात, कुणाकुणाचं विचारू? टंचाईत मी नियम सोडत नाही. फोनवर कुणी कितीही रडलं तरी डबा राखून ठेवत नाही. जो रांगेत उभा राहील, त्याला."

मंगळवारी दुपारी दोघं रांगेत जाऊन बसली. कोपऱ्यातली एक खुर्ची रिकामी होती. माणसं भिंतीला टेकून ताटकळत होती, पण तिकडे कुणी फिरकत नव्हतं.

"मशीनसुद्धा घाबरलंय," शेजारची बाई कुजबुजली. "पुढच्याचा सत्तर, माझा बाहत्तर. मधला नंबर निघतच नाही."

चौसष्ट झाला. पासष्ट झाला. चार नंबरच्या काउंटरवरच्या बाईंनी अचानक दोन्ही कोपरं टेबलावर टेकली आणि तोंड ओंजळीत लपवलं. मग भोंगा खरखरला.

"टोकन क्रमांक एकाहत्तर. काउंटर चार."

सगळ्या माना खाली गेल्या. कडेवरची मुलं आयांनी छातीशी घट्ट धरली. फक्त दारावरचे पहारेकरी काका खांद्यावर जेवणाच्या डब्याची पिशवी अडकवून, पाण्याचा पेला घेऊन काउंटरकडे धावले. परतले तेव्हा बाई डोळे पुसत होत्या आणि मांडणीवर एक डबा कमी होता.

टाचणीबाईने एकेकाला गाठलं.

"टोकनचं मशीन कुणाच्या ताब्यात?"

"माझ्याच," पहारेकरी काका म्हणाले. "सकाळी मीच चालू करतो. पण भुताला काय कुलूप अडवतंय?"

काउंटरवाल्या बाई वर न बघताच म्हणाल्या, "माझे डोळे मिटलेले होते हो. काहीच दिसलं नाही."

गोदामवाला वैतागला होता. "चोरी म्हणावी तर हिशेब चोख लागतो! टोकन एकाहत्तर, डबा एक, दिला, अशी नोंदच असते. आजोबा असतानाही दर मंगळवारी त्यांना एकच जायचा."

संध्याकाळी टाचणीबाईने तिघांनाही व्यवस्थापकासमोर त्याच्या खोलीत बसवलं.

"तुमचं भूत नियमाने वागतं," ती म्हणाली. "आठवड्याला एक डबा, म्हणजे एका बाळाची भूक. आजोबा गेले, पण बाळ आहेच ना? एकाहत्तर नंबर सकाळीच मशीनमधून वगळला जातो. ते फक्त काकांना जमतं. आणि मामा, बाईंनी तोंड केव्हा लपवलं?"

मामा अडखळले. "भोंगा वाजला तेव्हा... नाही गं, त्याच्या आधी!"

"घाबरायचं आवाज ऐकून. यांनी आधी घाबरून घेतलं, कारण पुकारायचं बटण कोपराखाली होतं. आणि पाणी द्यायला कुणी जेवणाच्या डब्याची पिशवी घेऊन धावतं का, काका?"

काउंटरवाल्या बाईंना हुंदका फुटला. "डॉक्टरांनी त्या बाळाला गर्दीत न्यायला बंदी केलीय. आई घरात एकटी. तिचा फोन मीच घेतला होता. साहेबांनी नाही म्हणून सांगायला लावलं."

"पण एकाहत्तरच का?" मामांनी विचारलं.

"दुसरा कुठलाही नंबर रिकामा गेला की दहा जण धावतात," काका म्हणाले. "पहिल्यांदा आजोबांचं हेच टोकन हाताशी होतं. लोक दगडासारखे गोठले. मग तोच धरला."

"दोघांनाही आत्ताच्या आत्ता..." व्यवस्थापक ताडकन उठला.

"काढा," टाचणीबाई शांतपणे म्हणाली. "मग पुढच्या मंगळवारी त्या आईला फोन तुम्ही करा. काय सांगणार, ते आधी मला ऐकवा."

व्यवस्थापक खाली बसला आणि त्याने कोरा कागद ओढला. 'ज्यांना येता येत नाही त्यांची यादी,' असं वर लिहिलं. "पत्ता सांगा," तो काकांना म्हणाला.

डबा पोचवायला काकांबरोबर मामा आणि टाचणीबाईही गेली. दोन गल्ल्या पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर एका थकलेल्या मुलीने दार उघडलं. खांद्यावर बाळ झोपलेलं. डबा तिने दोन्ही हातांनी घेतला.

"तुम्ही पण दुकानातल्याच का?" तिने टाचणीबाईला विचारलं. "हे काका म्हणतात, बाबांनी जायच्या आधीच वर्षभराचे नंबर लावून ठेवलेत. किती लांबचा विचार केला हो त्यांनी!"

काकांनी मान खाली घातली. मामांनी भाचीकडे पाहिलं. खोटं तिला सहन होत नसे.

"हो," टाचणीबाई म्हणाली. "फार लांबचा."