कोरड्या तलावातली शांतता

दिग्दर्शिकेला हवी होती फक्त एक मिनिटाची शांतता. बंद पडलेल्या पोहण्याच्या तलावावर ती माहितीपट करत होती, आणि माणसांच्या बोलण्यामधल्या फटी बुजवायला त्या रिकाम्या जागेचा स्वतःचा आवाज लागतो. रेकॉर्डिस्ट बाईंनी तीस वर्षं हेच केलं होतं. तरी त्यांचं काम दोनदा परत आलं.

"मागे कुणीतरी कुजबुजतंय," दिग्दर्शिका फोनवर म्हणाली. "राग मानू नका, पण एकदा कान तपासून घ्याल का?"

ते बाईंच्या फार जिव्हारी लागलं. कुजबुज त्यांनीही ऐकली होती. खिडकीतला वारा असेल म्हणून सोडून दिली होती. तिसऱ्या खेपेला त्या भर दुपारी, तीन माइक आणि नवऱ्याला घेऊन गेल्या. नवरा गणिताचा निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना मास्तर म्हणत, बाईसुद्धा.

रखवालदाराने कुलूप काढलं आणि तो बाहेर सावलीत जाऊन बसला. काचेच्या छतातून ऊन थेट तलावाच्या तळाशी उतरलं होतं. निळ्या फरशा, कडेला खोलीचे पुसट आकडे, नाकाला झोंबणारा औषधाचा वास. वारा अजिबात नव्हता. बाईंनी खिडक्यांना हात लावून खात्री करून घेतली.

चहूबाजूंचं ऐकणारा रुंद माइक त्यांनी तळाशी स्टँडवर लावला आणि रिवाजाप्रमाणे आधी नोंद बोलल्या, "टेक एक. रुंद माइक. गेन चाळीस." गेन म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा तो आकडा.

मिनिटभर दोघं पुतळ्यासारखे उभे राहिले. मग बाईंनी हेडफोन लावून ऐकलं. त्यांची नोंद, मग शांतता, आणि अगदी शेवटी एक बारीक आवाज: "टेक दोन. लांब माइक. गेन तीस."

त्यांनी हेडफोन मास्तरांच्या हातात दिले.

"तूच आहेस की," मास्तर म्हणाले. "पुटपुटली असशील."

"मी? तीस वर्षांत टेक चालू असताना कधी खोकलेसुद्धा नाही मी!"

जुनं काही शिल्लक असेल म्हणून त्यांनी रेकॉर्डरमधलं कार्ड कोरं केलं. लांब माइक एकाच दिशेचं ऐकतो, म्हणून पुढे तोच लावायचा त्यांच्या मनात होतं. तो लावला. गेन तीसवर बेताचा बसला. यात नवल काही नाही, कोणीही तीसच ठेवला असता, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

दुसऱ्या टेकच्या शेवटी तोच आवाज, आता जरा जवळून: "टेक तीन. कॉलर माइक. गेन बावीस."

बाई चिडून हसल्या. एवढ्या मोठ्या जागेत कॉलर माइक? शर्टाला लावायची ती टिकली! "मुद्दाम रुंदच लावते," त्या म्हणाल्या. "बघू कोण शहाणं ते."

रुंद माइक नुसता खरखरला. त्यांनी केबल बदलली, ती जोडायची खाच साफ केली, सेल बदलले. पालथ्या घड्यावर पाणी. मग लांब माइक पुन्हा जोडला, तर तो मुकाच. दोन्ही माइक दहा मिनिटांपूर्वी ठणठणीत होते.

"अगं, तो छोटा लावून मोकळी हो ना," मास्तर वैतागले. "उकाड्याने जीव जातोय."

बाईंनी लांब माइक काढला. कॉलर माइक लावला. गेन वीसवर काहीच येईना, पंचवीसवर आवाज फाटायला लागला.

बावीस.

टेक तीन संपला. ऐकताना त्यांनी डोळे मिटून घेतले.

"टेक चार. माइक नाही."

गेनचा आकडा आला नाही.

त्यांनी केबल उपटली, सामान कसंबसं बॅगेत कोंबलं आणि मास्तरांना जवळजवळ ओढतच बाहेर आणलं.

घरी पोचल्यावर त्यांनी दिग्दर्शिकेला फोन केला. "नाही जमत मला. दुसरं कुणी बघा."

"कान दाखवा, बाई," ती हळूच म्हणाली.

बाईंनी फोन ठेवला. मास्तर स्वयंपाकघरात भांडी विसळत होते. जेवणाच्या टेबलावर बाईंनी रेकॉर्डर चालू केला. माइक जोडायच्या सगळ्या खाचा रिकाम्या होत्या. बोट फिरवून त्यांनी त्या एकेक तपासल्या.

"चहा घेशील?" आतून मास्तरांनी विचारलं.

रेकॉर्डरवरचा आवाज मोजणारा काटा वर गेला.

बाई श्वास रोखून बसल्या. काटा खाली आला, शून्यावर टेकला.

घरात कुणीच बोललं नाही.

काटा पुन्हा उचलला गेला. थोडासाच.

"हो गं," मास्तर आतून म्हणाले, "तुम्हा दोघींनाही देतो."