भिंतीपलीकडचं बंदर

हमूर माशाचं कालवण केलं की मैमुना एक वाटी शेजारच्या जलालभाईंकडे पोचवायची. वाटी हे निमित्त. दारात उभं राहून आतलं थोडं बघता यायचं, दोन गोष्टी कानावर पडायच्या, आणि संध्याकाळी नवऱ्याला, हुसेनमियाँना, सांगायला काहीतरी व्हायचं. रियाधच्या अल सुलै वस्तीतल्या त्या बिल्डिंगीत आता बोलायला उरलं तरी कोण होतं? सौदी सरकारनं परदेशी कामगारांच्या बायकापोरांवर दरमहा फी बसवली, तसं एकेक बिऱ्हाड गावाला गेलं. खालच्या मजल्यावर नुसती कुलुपं, आणि जिन्यात पोरांच्या सायकली धुळीनं भरलेल्या.

मैमुनाचंही जायचं ठरलं होतं. तिकडे रत्नागिरीला लेक नबीलाचे दिवस भरत आलेले. पहिलंच बाळंतपण. "अम्मी, तू आल्याशिवाय मी दवाखान्यात पाय ठेवणार नाही," असं पोर फोनवर रडायची. देश सोडायचा एक्झिटचा शिक्का मिळाला की मैमुना विमानात. बॅग भरून पलंगाखाली तयार होती. डिंकाचे लाडूसुद्धा बांधून झाले होते.

जलालभाईंची बॅगसुद्धा भरलेली होती. पण ती दाराशी वर्षभर उभी होती.

जलालभाई दाभोळचे. जपानी यंत्रांच्या सुट्या भागांचं एक गोदाम होतं, तिथे स्टोअरकीपर. जवानी तिथेच गेली. डाव्या हाताची दोन बोटंसुद्धा तिथेच, एका लोखंडी झाकणाखाली गेली. आता त्यांची जागा सौदी माणसाला द्यायची असा कायदा आला, आणि जलालभाई मनातून खूष झाले. चला, सुटलो! पण कफील, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा तो मालक, म्हणाला, गोदाम नव्या माणसाच्या हातात सोपव, मग खलास, जा. नवा पोरगा यायचा, पत्र्याखालची भट्टी बघायचा, आणि दुसरीकडे बरी नोकरी लागली की जायचा. त्या पोराची तरी काय चूक? मग दुसरा. मग आणखी एक. प्रत्येकाला जलालभाई पहिल्या कपाटापासून शिकवायचे.

"भाबी, नोकरी जाऊनसुद्धा माणसाला जाता येत नाही, असं ऐकलंत कधी?" ते म्हणायचे. हसत म्हणायचे, पण दात आवळून.

आणि घरी आले की गायचे.

ते गाणं म्हणजे मैमुनाच्या डोक्याला ताप झालेलं. गोदामाचे जुने साहेब ओकुदा-सान यांचं कॅराओके मशीन जलालभाईंकडे राहिलं होतं. त्या काळी रियाधमध्ये करमणूक म्हणून काही नव्हतंच. शुक्रवारी ओकुदा-सानकडे चारपाच पन्नाशीचे जपानी जमायचे, शर्टाचं वरचं बटण सोडायचे, चहाचे कप पुढ्यात घेऊन गायचे. तरणेपणी ऐकलेली जुनी गाणी. पाऊस, बंदर, सुटलेली बोट, मागे राहिलेली बाई. समजत नसलं तरी जलालभाई शेवटच्या सुरापर्यंत ऐकत बसायचे. दाभोळच्या माणसाला बोट सुटणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला लागतं?

त्या लोकांत एक रीत होती. प्रत्येकाचं एक गाणं ठरलेलं. ज्याचं त्यानंच म्हणायचं, दुसऱ्यानं त्याला हात लावायचा नाही. ओकुदा-सानचं होतं बंदराचं. जाताना त्यांनी ते जलालभाईंना दिलं, आणि मायदेशी पोचून महिना होतो न होतो तोच वारले.

तेव्हापासून रोज दुपारी जेवायला घरी आलं की भिंतीपलीकडे तेच. "मिनातो…" म्हणजे बंदर. पहिलं कडवं, दुसरं कडवं, शेवटी लांबवलेला तो कापरा सूर. ऐकून ऐकून मैमुनाला पाठ झालं. भाकरी थापताना तीच गुणगुणायची. हुसेनमियाँ म्हणायचे, "आज भाकरी जपानी का गो?"

"मग काय करू? भिंत आहे का कागद! अवो, तुम्ही तरी बोला त्यांना."

"एकटा माणूस आहे. गाऊ दे."

एकटा. तिथेच तर मैमुनाचं घोडं अडलं होतं. कारण गाणं संपलं की पलीकडे कुणीतरी टाळ्या वाजवायचं. सावकाश, मोजून मापून, एखाद्या साहेबानं वाजवाव्यात तशा. आणि त्या टाळ्या कोरड्या, खणखणीत होत्या. दोन बोटं नसलेल्या हाताची टाळी तशी वाजत नाही. जलालभाईंची टाळी तिनं ऐकली होती, जिन्यातली मांजरं हाकलताना. ओल्या फडक्यासारखी बोथट.

तिनं वाटी देताना विचारलं, "पाहुणे आलेत वाटतं?"

जलालभाईंनी मागे वळून पाहिलं. बघायचं नसताना बघावं लागतं तसं.

"नाही, भाबी… पाहुणे नाहीत."

पुढच्याच आठवड्यात धुळीचं वादळ आलं. भर दुपार, पण आकाश विटकरी होत होत काळवंडलं. खिडक्यांना ओली फडकी लावली तरी मातीचा वास घशात उतरत होता. हुसेनमियाँ कामावर. त्यात नबीलाचा फोन आला, पोटात कळा येतायत खोट्या, आणि तो मध्येच तुटला. पुन्हा लागेना. मैमुना फोन कानाला लावून येरझारा घालत होती, आणि भिंतीपलीकडे… मिनातो. संपलं. टाळ्या. पुन्हा पहिल्यापासून. संपलं. टाळ्या. पुन्हा.

तिचं डोकं फिरलं. ओढणी डोक्यावर घेऊन ती तरातरा गेली. दार उघडंच होतं. जिन्यातून धूळ आत भरत होती, आणि त्या तांबूस अंधारात टीव्हीचा निळा उजेड. पडद्यावर समुद्र, एक धक्का, पाऊस. जलालभाई घामानं निथळत उभे. सोफ्यावर कुणी नव्हतं. पण सोफ्याची एक गादी मध्ये दबलेली होती.

"जलालभाई, बस करा आता! माझं पोर तिकडे कळा देतंय, फोन लागत नाही, आणि तुमचं आपलं एकच! एवढं घोकून पण सूर चुकतोच शेवटी. द्या इकडे, मीच म्हणते एकदाचं, म्हणजे संपेल तरी!"

जलालभाईंनी माइक खाली घेतला. मग अगदी हळू म्हणाले, "भाबी… मागताय तुम्ही? तुमच्या तोंडानं?"

"द्या म्हणते ना!"

माइकची वायर उंबऱ्यापर्यंत बरोब्बर पुरली. मैमुनानं माइक धरला. तो थंडगार होता, ओलसर, खारट वासाचा. बाजा सुरू झाला आणि ती गाऊ लागली. एक अक्षर चुकलं नाही. पण पहिल्या ओळीलाच तिला कळलं की हा आवाज आपला नाही. जाड, थकलेला, सिगारेटी ओढून खरवडलेला पुरुषाचा आवाज. तो तिच्या छातीतून येत होता. थांबावं म्हटलं तर थांबता येईना. शेवटचा कापरा सूर अगदी जिथे टेकायचा तिथेच टेकला.

सोफ्यावरून टाळ्या आल्या.

जलालभाई दाराच्या चौकटीला धरून रडत होते. "मलापण ओकुदा-साननी असंच दिलं होतं, भाबी. त्यांच्या जागी येणाऱ्याचा व्हिसा नामंजूरच होत होता, सारखा… मी आपला मजेत माइक मागितला. माफ करा. माझा जीव विटला होता हो…"

"काय बोलताय? कशाची माफी?" मैमुना म्हणाली. तिचा आवाज तिचा झाला होता. तिनं माइक खाली टाकला आणि घरी येऊन कितीतरी वेळ तोंड धुतलं.

दोनच दिवसांत गोदामात नवा पोरगा आला, आणि टिकला. कफीलानं सही केली. वर्षभर दाराशी उभी असलेली बॅग घेऊन जलालभाई गेले. निघताना त्यांनी मैमुनाकडे बघितलंसुद्धा नाही. मशीन तेवढं मागेच राहिलं.

त्याच आठवड्यात हुसेनमियाँ चेहरा पाडून घरी आले. त्यांच्या कंपनीत सौदी माणसं कमी पडली म्हणून कंपनी सरकारच्या लाल यादीत गेली होती. त्यांचा इकामा, म्हणजे राहायचा परवाना, रिन्यू होईना, आणि त्यांच्या इकाम्यावर असलेल्या बायकोचा एक्झिट निघेना. "सिस्टीम ब्लॉक आहे म्हणतात. बुकरा या." बुकरा म्हणजे उद्या. उद्या गेले, तर पुन्हा बुकरा. मैमुनानं ऑफिसातल्या माणसाला फोनवर शिव्या घातल्या, नवस बोलली, लाडवांना बुरशी आली म्हणून रडली. रत्नागिरीला नबीलाला दवाखान्यात नेलं तेव्हा ती स्वयंपाकघरात पिठाच्या हातांनी फोन धरून बसली होती. "अम्मी, कुठे आहेस?" एवढंच ऐकू आलं.

मुलगी झाली. सुखरूप. फोटो आला. मैमुनानं तो परातीला टेकवून ठेवला आणि भाकरी थापायला घेतली. काय करणार होती? दुपार होती, शुक्रवारची, बिल्डिंगीत चिटपाखरू नव्हतं. थापता थापता ओठांवर काय आलं ते तिला कळलंच नाही.

हुसेनमियाँ आतल्या खोलीतून ओरडले, "मैमुना! कोण पुरुष आलाय घरात? कोण गातोय?"

ती गप्प झाली. भिंतीपलीकडे, कुलूप लावलेल्या घरात, टाळ्या वाजू लागल्या. सावकाश. कोरड्या, खणखणीत.

आणि त्यांच्या मागोमाग आणखी एक टाळी, ओल्या फडक्यासारखी बोथट.