हेडलीकाकांचे चार पौंड

केटलीचं झाकण खडखडलं आणि रोवेनाचा आकडा चुकला.

हेडलीकाकांची नाडी मोजताना ती घरात कुणाला हूं की चूं करू द्यायची नाही. त्यांचं हृदय कधी तालात चालायचंच नाही. दोन ठोके घाईचे, एक चुकार, की पुन्हा धावपळ. अशी नाडी पुरतं मिनिटभर मोजावी लागते. एक्केचाळीसपर्यंत पोचली होती ती...

"माझीच चूक!" म्हणत कुणीतरी लगबगीनं केटली उतरवली. मागच्या दारानं आलेला, केसांवर धुक्याचे थेंब, पायांत ओले लोकरी मोजे. "मी सेल्बी. यांचा मुलगा. कालच जहाजावरून आलो."

"मी रोवेना, यांची नर्स. आणि आता मला पहिल्यापासून मोजायचंय."

"मोजा की. घाई कुणाला आहे?"

तिनं पुन्हा मनगट धरलं. या वेळी काकांच्या नाडीत मध्येमध्ये तिचीच मिसळत होती... हे मात्र तिनं वहीत लिहिलं नाही.

तीन आठवडे मालवाहू जहाजावर, तीन आठवडे घरी, अशी सेल्बीची नोकरी. त्याची सहा वर्षांची टेसा आजोबांपाशी वाढत होती. तिची आई ती वर्षाची असतानाच गेली होती. रोवेना यायची मंगळवारी आणि शुक्रवारी. एरवी काकांनी रोज सकाळी न्याहारीआधी वजन करायचं, वहीत लिहायचं आणि दोन दिवसांत चार पौंड वाढलं तर फोन करायचा. थकलेल्या हृदयाला रेटेनासं झालेलं पाणी अंगात साठतं, आणि ते आधी काट्यावर दिसतं. असा फोन आला की रोवेना त्याच दिवशी हजर.

आणि फोन यायला लागले.

ती यायची. घोट्यावर अंगठा दाबायची, खळगा पडायचा नाही. पाठीला नळी लावायची, छातीत करकर नाही. मानेची शीर फुगलेली नाही.

"रात्री किती उशा लागतात, काका?"

"एकच. आणि तीही घोरताना खाली पडते."

तरी आकडा चार पौंड जास्त, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा जागेवर! एकदा नाही, तीनदा. डॉक्टर म्हणाले, थांबा, बघू. पण हिशेब जुळला नाही की रोवेनाच्या घशाखाली घास उतरत नसे. तिनं सेल्बीला चुलीपाशीच गाठलं.

"खरं सांगा, रविवारच्या पातेल्यात खारवलेलं मांस घातलंत ना? सगळं गाव घालतं."

"कोबी, गाजर, सलगम. मिठाचा कण नाही. उरलेलं बाहेर टाकलं, तर समुद्रपक्ष्यांनीसुद्धा तोंड फिरवलं!"

"मग पाणी येतं कुठून?"

"मी साधा खलाशी, बाई. पाण्यावरून जायचं मला कळतं. ते माणसात कसं शिरतं, ते तुम्ही सांगायचं."

ती हसली... आणि हसल्याबद्दल स्वतःवरच चिडली.

चौथा फोन जूनमधल्या एका धुकट सकाळी आला. या वेळी डॉक्टर थांबायला तयार नव्हते. बारापर्यंत कळवा, आकडा खरा असेल तर शहरातल्या इस्पितळात हलवू.

सेल्बी दारातच उभा होता. आज त्याला थट्टा सुचत नव्हती. "पाच तासांची वाट आहे," तो हळूच म्हणाला. "गेल्या खेपेला तिथं त्यांनी जेवणच सोडलं होतं. ही खाडी दिसली नाही की माणूस मिटतो हो..."

साडेअकरा वाजले होते. रोवेनानं वही उघडली. समोर भिंतीवर कॅलेंडर होतं. बाबा समुद्रावर असेल त्या प्रत्येक चौकोनात टेसानं होडी काढली होती. रोवेनानं ते खाली उतरवलं आणि वहीशेजारी ठेवलं. होडीचे दिवस... वजन सरळ, संथ. बिनहोडीचे दिवस... उंचवटे. चारही तिथेच!

"काका, काट्यावर उभे राहा. माझ्यासमोर."

"सकाळी राहिलो होतो की."

"हा लोकरी कोट काढून."

"थंडी वाजते गं, पोरी—"

"मी धरते, आजोबा!" म्हणत टेसानं कोट ओढला. खिशांतून धाडधाड करत चार शिशाचे मासे जमिनीवर पडले. खोल पाण्यातले कॉड मासे फसवून पकडायला काकांनी स्वतः ओतलेले, पौंडापौंडाचे, गळ काढून टाकलेले.

रोजच्यासारखा कोट घालून, पण रिकाम्या खिशांनी काका काट्यावर उभे राहिले. आकडा नेहमीचाच होता.

रोवेनानं आधी डॉक्टरांना फोन केला आणि झालं ते जसंच्या तसं सांगितलं. मग काकांकडे वळली. "चुकीचा आकडा म्हणजे चुकीचं औषध, काका! गोळी वाढवली असती, तुम्ही चक्कर येऊन पडला असता. आणि पुढे खरंच पाणी भरलं, तर मी कशावर विश्वास ठेवायचा?"

म्हातारा मान खाली घालून बसला. "एवढं नव्हतं ठाऊक गं. आकडा वाढला की तू येतेस, एवढंच ठाऊक होतं."

"मग हे समुद्रावर असताना का नाही वाढला?"

"तेव्हा तू येऊन मी काय करू?"

सेल्बीचे कान लालबुंद झाले होते.

"शपथ, मला यातलं काही माहीत नव्हतं," तो म्हणाला. "पण तुम्ही येणार कळलं की... दाढी करायचो. तेवढा गुन्हा माझा."

रोवेनानं खाली वाकून मासे गोळा केले. वाकल्यामुळे तिचं हसू कुणाला दिसलं नाही. "हे जप्त. परत असं केलंत, तर नर्स बदलून मिळेल."

"नको!" बापलेक एकदम म्हणाले.

ती निघाली तसा सेल्बी दारापर्यंत आला. "उद्या भरतीला ते छोटे चंदेरी मासे अंडी घालायला वाळूवर येतील म्हणतात. सगळं गाव बादल्या घेऊन जातं. तुम्ही... तू येशील का?"

"उद्या गुरुवार. माझं इथं काही काम नाही."

"कामाला बोलवतच नाहीये."

धुक्यात खाली कुठेतरी लाट फुटली. रोवेनानं मान हलवली... अगदी जराशी, पण त्याला पुरेशी.

टेसा दोघांच्या मधून डोकं काढून वर बघत होती.

"पण आजोबा तर बरे आहेत," ती म्हणाली. "मग उद्या तू कुणाला तपासायला येणार?"