बाटलीला हात लावायचा नाही

“काय पाजलंस त्याला? खरं सांग, बेबी! माझ्या गळ्याची शपथ, खरं सांग!”

वहिनींनी नातवाला तिच्या मांडीवरून असा काही खसकन ओढून घेतला की बेबीआत्या जागच्या जागी थिजली. शिवणयंत्राचं चाक फिरवायला म्हणून दुडदुडत आलेलं ते दीड वर्षाचं पोर तिच्या मांडीवर भडाभडा ओकलं होतं, आणि बघता बघता त्याच्या गालांवर, मानेवर लालभडक गांध्या उठल्या होत्या. लाडाचं नाव ढब्बू, अंगाने मात्र काडी! अंगावरचं दूध सुटल्यापासून त्याने बाळसं म्हणून धरलं नव्हतं.

“मी काही नाही पाजलं, वहिनी... बाटलीला मी कधी हात तरी लावते का?”

ते खरंच होतं. पन्नाशी उलटली तरी ती घरात बेबीच होती, घरभराचे कपडे शिवत होती, आजाऱ्यांच्या उशाशी बसत होती, पण लहान मुलाच्या बाटलीला तिने हात लावायचा नाही, हा या घरातला न बोललेला कायदा होता. तीसेक वर्षांपूर्वी वहिनींची पहिली मुलगी तिच्याच हाती वाढत होती. वहिनी विषमज्वराने अंथरुणाला खिळलेल्या, आणि विशीतली ही नणंद त्या तान्हीला गायीच्या दुधाची बाटली पाजायची. पोर ओकायची, तिला जुलाब व्हायचे, दिवसेंदिवस ती वाळत चालली... आणि वर्षाची व्हायच्या आतच गेली! “बाटली नीट धुतली नाहीस तू! तुझ्या आळसाने माझी पोर गेली!” वहिनींनी चारचौघांत टाहो फोडला होता, आणि सख्खा भाऊ मान खाली घालून बसला होता. पुढे बेबीला स्थळं सांगून आली, तिने एकालाही होकार दिला नाही. आपल्या हातातच काही अशुभ असेल, असं तिला स्वतःलाच वाटू लागलं होतं.

ढब्बूची आई, वहिनींची सून, घाबरीघुबरी होऊन पोराला टॅक्सीत घालून दवाखान्यात गेली. दार लागताच वहिनी वळल्या.

“तो घरी यायच्या आत नीघ इथून. एक पोर गेली, दुसरं नाही जाऊ द्यायची मी!”

बेबीआत्याने वाद घातला नाही. कुठे जाणार होती ती? भावाच्या माघारी या घराखेरीज तिला होतं कोण? तरीही ती मुकाट्याने पिशवीत लुगडी-कपडे कोंबत राहिली, आणि मनात एकच धावा... पोर वाचू दे, मग मला रस्त्यावर राहावं लागलं तरी चालेल!

दुपार कलली तेव्हा सून परतली. ढब्बू तिच्या खांद्यावर शांत झोपला होता, गांध्या ओसरल्या होत्या. दारातली पिशवी पाहून ती चमकली.

“हे काय? आत्या कुठे निघाल्या? आई, अहो त्यांचा काही दोष नाही. हे सगळं दुधामुळे होतंय.”

“नासकं होतं?”

“नाही हो, चांगलं ताजं होतं. पण याच्या अंगाला गायीचं दूधच सोसत नाही.”

वहिनींनी ओट्यावरच्या बाटलीकडे पाहिलं. पोर खंगतंय म्हणून त्याच तर रोज जास्त जास्त दूध पाजत होत्या, आज सकाळीही अर्धी बाटली जबरदस्तीने संपवून घेतली होती! “मग... मग बकरीचं देऊ?”

“तेही नाही. दही, लोणी, चीज, काही नाही. डॉक्टरांनी हे सोयाबीनचं सांगितलंय, कॅल्शियम घातलेलं. बदामाचं दूध पाजून पोट भरलं असं समजू नका म्हणाले, या वयात ते पुरत नाही.” दवाखान्यातून येताना आणलेला डबा ओट्यावर ठेवता ठेवता ती सहज म्हणाली, “घरात याआधी कुठल्या मुलाला असं झालं होतं का, विचारत होते.”

ती पोराला निजवायला आत गेली. बाहेर दोघीच उरल्या.

“बेबी...” वहिनींचा आवाज ओळखू येईना. “ती पण अशीच ओकायची. हो ना? आणि मी अंथरुणातून ओरडायचे, पुन्हा भर बाटली, पुन्हा पाज म्हणून...”

बेबीआत्याच्या अंगातून वीज गेली. मी नव्हते! माझे हात नव्हते! रस्त्यावर जाऊन ओरडून सांगावं असं तिला वाटलं. पण समोरचा तो पांढराफटक पडलेला चेहरा पाहिला, आणि तिचं काळीज गलबललं.

“नाही वहिनी,” ती म्हणाली. “दुधाचं काही नव्हतं. बाटलीच मी धड धुतली नव्हती.”

“खोटं बोलू नकोस गं!” वहिनींनी कपाळावर हात मारून घेतला. “तू बाटली उकळायचीस. पातेल्यात ती खडखड वाजायची, मला अंथरुणात ऐकू यायचं. रोज ऐकू यायचं!”

बेबीआत्या सुन्न झाली.

“म्हणजे... तुम्हाला माहीत होतं? इतकी वर्षं माहीत होतं?”

“मग मी कुणाच्या नावाने रडले असते? देवावर रागावून काय होतं, तो काही समोर येऊन उभा राहत नाही. तू समोर होतीस...” आणि वहिनी तिच्या पायांशी कोसळल्या.

बेबीआत्याने त्यांना उठवलं, पण माफ केलं असं काही तिच्या तोंडून निघेना. सगळं आयुष्य गेलं होतं त्यात!

आत ढब्बूने भोकाड पसरलं. वहिनींनी डोळे पुसले, सोयाबीनचं दूध पेल्यात ओतलं, वास घेऊन नाक मुरडलं आणि पेला नणंदेपुढे धरला. “तू पाज.” बेबीआत्या ढब्बूला उचलून बाहेर घेऊन आली आणि त्याला मांडीवर घेऊन बसली. पहिला घोट ढब्बूने फुर्रकन तिच्याच तोंडावर उडवला, दुसरा तोंडात घोळवला, आणि मग पेला दोन्ही हातांनी धरून गटागटा पिऊ लागला.

वहिनी बघत राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, “बेबी, शेवटी शेवटी ती काही बोलायला लागली होती का गं? मला कधी विचारताच आलं नाही.”

बोलायला लागली होती. एकच शब्द. एका दुपारी त्या क्षीण पोरीने बेबीच्या गालावर तळवा ठेवला होता आणि तिच्या डोळ्यांत बघून म्हटलं होतं, ‘आई’. त्याआधी किंवा त्यानंतर तिला कुणी तशी हाक मारली नव्हती. तेवढ्या एका हाकेवर तिने सगळे दिवस काढले होते.

ढब्बूचं तोंड पुसता पुसता ती म्हणाली, “हो तर! ‘आई’ म्हणाली होती. तुमच्या खोलीच्या दाराकडे बोट करून म्हणाली, वहिनी.”

हे खोटं मात्र वहिनींनी ओळखलं नाही. तोंडावर हात दाबून त्या हमसून हमसून रडल्या.

“पुन्हा सांग,” त्या म्हणाल्या.

आणि बेबीआत्याने पुन्हा सांगितलं.