जागल्याची शीळ

शर्वरी बोलता बोलता थांबली, कारण तात्यांनी पुन्हा कानावर हात ठेवला होता. तात्या तिचे वडील; त्यांच्या कानातला जागल्या शीळ घालत होता.

ज्वारीच्या दाण्याएवढं हे यंत्र आता घरोघरी होतं. मन वळवणारं बोलणं कानावर पडलं की मेंदूतली शंका घेणारी जागा पेंगू लागते. ती पेंगली की जागल्या वाजतो. बोलणं खरं की खोटं, हे त्या बापड्याला कळत नाही. तरी त्याच्यामुळे पुढाऱ्यांच्या सभा ओस पडल्या, भोंदूंची दुकानं बसली आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. तात्यांनी तर सगळ्यांच्या आधी. एका गोडबोल्या महाराजाच्या नादी लागून त्यांनी बायकोची औषधं बंद केली होती, आणि ती गेली होती.

शर्वरी भूवैज्ञानिक. घरामागच्या डोंगराला पडलेली भेग रोज रुंदावत होती, डोंगर कधीही खाली येणार होता. आजच घर सोडा, असं तिने पोटतिडकीने सांगितलं, हात जोडले.

"वाजतोय गं," तात्या म्हणाले. "तुझ्या आईच्या वेळी हा असता तर..."

"तात्या, तुमचा माझ्यावर जीव आहे म्हणून वाजतोय तो. माझा आवाज ऐकला की तुमची शंकाच निजते."

"महाराजांचं ऐकतानाही निजलीच होती."

मग तिने डोळे पुसले आणि बातम्या वाचाव्यात तशी बोलू लागली: भेगेची रुंदी, मातीतलं पाणी, उतार. बापाच्या मरणाबद्दल असं कोरडं बोलताना तिचा जीव तुटत होता, पण तिने ते आवाजात उतरू दिलं नाही. जागल्या गप्प राहिला. तात्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"आता कसं बोललीस," ते समाधानाने म्हणाले. "एवढ्या शांतपणे सांगतेयस, म्हणजे घाई नसणार. रविवारी बघू."

त्यांना उचलूनच न्यावं म्हणून ती माणसं आणायला तालुक्याला गेली. परतली तेव्हा घराच्या जागी चिखल होता.

खालची वाडी अजून धोक्यात होती. शर्वरी दारोदार गेली आणि पुन्हा तशीच बोलली, एकाही कानात शीळ वाजू न देता. पडलेला डोंगर सगळ्यांना दिसत होता. वाडी हलायला तयार झाली. टेम्पोत भांडी चढवताना एक बाई शेजारणीला म्हणाली, "बाप गेला, तरी पोरीच्या डोळ्यांत टिपूस नाही बघ."

शर्वरीला ते ऐकू आलं. तिला हंबरडा फोडायचा होता. पण अजून काही घरं रिकामी व्हायची होती.