नेमतआगांच्या चकचकीत फळ्या

नियुशा पडली आणि पडूनच राहिली. लागलं काही नव्हतं. पण उठायचं म्हणजे आधी पालथं व्हायचं, गुडघ्यांवर यायचं, दोन्ही पायांना पट्ट्यांनी बांधलेली ती लांबलचक फळी बर्फातून उपसायची आणि चार हात पुढे जाऊन पुन्हा पडायचं. सकाळपासून हेच चाललं होतं. दुपारच्या उन्हाने बर्फ भिजलेल्या साखरेसारखा झाला होता आणि कॉलरमधून तो तिच्या पाठीवर उतरत होता.

तिचा भाऊ बर्दिया घसरत घसरत येऊन तिच्या शेजारीच आडवा झाला. त्याला खरं म्हणजे तिथे थांबायचं नव्हतं.

"आबजी, जिवंत आहेस का?" त्याने बहिणीला विचारलं.

"आहे. नाइलाजाने."

तेवढ्यात त्यांच्या पायांशी एक सुबक वळण घेऊन त्यांची धाकटी बहीण रोजीन खाली निघून गेली. दहा वर्षांची ही मुलगी झुरळ दिसलं तरी खुर्चीवर चढायची. फळ्या भाड्याने देणाऱ्या दुकानात तिच्या मापाचं काही मिळालं नाही म्हणून त्यांच्या मावशीने, मेहरंगीज खालेने तिला कोळशाच्या खोलीतून एक जुनी, रंग उडालेली फळी आणि कुणाचे तरी लहानपणचे बूट काढून दिले होते. दोन दिवसांत ती वळायला शिकली.

"हिला कसं जमतं?" नियुशाने विचारलं.

"वजन कमी आहे," बर्दिया म्हणाला. "डोक्याचं तर फारच."

नवरोजची सुटी लागली की ही तिघं तेहरानहून सर्ददरे गावात आपल्या मावशीकडे, म्हणजे खालेकडे येत. खाले एकोणीस वर्षं इथल्या उतारावर नवशिक्यांना स्नोबोर्ड शिकवत होती. याआधी दर वेळी मुलं लहान म्हणून नुसती घसरगाडीवर बसत. यंदा प्रथमच वर्गात बसायला मिळालं होतं आणि आता तिघांपैकी दोघांना वाटत होतं, घसरगाडीच बरी होती.

वरून कुणीतरी ओरडलं. इस्फहानहून आलेले भूगोलाचे एक मास्तर सपाट जागेवर, जिथे पडायचं काही कारणच नव्हतं तिथे, तोंडावर आपटले होते. पडताना त्यांनी हात पुढे टेकला होता. मदतीचे लोक स्ट्रेचर घेऊन आले. मनगट मोडलं होतं. सहा दिवसांतलं हे दुसरं.

संध्याकाळी उताराच्या कचेरीतले व्यवस्थापक तवक्कुली घरी आले. चहा घेतला, खालेच्या प्रकृतीची चौकशी केली, हवेबद्दल बोलले आणि मग खाली बघत सांगितलं, की शुक्रवार संध्याकाळपर्यंत आणखी एक जरी जण जखमी झाला तरी नवशिक्यांचा वर्ग बंद करावा लागेल. यंदापुरता नाही, कायमचा.

खाले "बरं" एवढंच म्हणाली. ते गेल्यावर तिने कोमट पाण्याच्या घमेल्यात पाय बुडवले. वर्ग बंद म्हणजे गावातलं घरही बंद, मग तेहरानला भावाच्या फ्लॅटमधल्या मधल्या खोलीत राहायला जावं लागेल, हे तिने एखादी बातमी वाचून दाखवावी तसं सांगितलं.

"पण तुझी चूक काय त्यात?" नियुशा म्हणाली.

"कोण जाणे. आधीच्या वर्षांत एवढी माणसं पडत नव्हती. बहुतेक मीच थकले असेन. तोंडाने सांगते आणि त्यांच्या कानापर्यंत पोचत नाही."

नियुशाला ते पटलं नाही. खाले एकच गोष्ट दहा वेळा सांगे आणि दहाव्या वेळीही पहिल्यासारखीच शांतपणे सांगे. पडायची वेळ आलीच तर तळवे टेकू नका, मुठी वळा, हेसुद्धा रोज सकाळी सांगे. आणि तिचंच ऐकून रोजीन शिकली होती ना?

मग रोजीनच्यात आणि बाकीच्यांत फरक काय होता?

बुधवारी सकाळी तिघं बहीणभाऊ नेमतआगांच्या दुकानासमोरच्या बाकावर उकडलेलं बीट खात बसले. गावात बूट आणि फळ्या भाड्याने देणारं हे एकच दुकान. नेमतआगा म्हणजे गावातले सर्वांत अगत्यशील गृहस्थ. गिऱ्हाइकाला आधी चहा, मग सुकामेवा आणि मग बूट. यंदा थंडी सुरू होताना त्यांनी शहरातून नव्याकोऱ्या फळ्यांची एक गाडी भरून आणली होती. पाहुण्यांना जुनंपुराणं कसं द्यायचं, म्हणून.

दाराशी बसून सगळं ऐकू येत होतं. काझविनहून आलेल्या एक बेकरीवाल्या बाई बूट घालून उभ्या राहिल्या. नेमतआगांनी विचारलं, पायाला बरे वाटतात ना? बाई म्हणाल्या, तुमच्या हातचे बूट कसे बरे वाटणार नाहीत, अगदी ढगावर उभी आहे असं वाटतंय. बाहेर येऊन त्या बाकावर टेकल्या आणि कुणी बघत नाही असं पाहून त्यांनी बुटात आणखी एक मोजा कोंबला.

नियुशाने बर्दियाकडे पाहिलं. बर्दियाने स्वतःच्या बुटांकडे.

"तुझेही सैल आहेत?"

"जरासे."

"बोलला का नाहीस?"

"कसं बोलणार? त्यांनी मला दोनदा चहा दिला होता."

रोजीन खाली वाकली. बर्दियाला गुडघे वाकवायला सांगून तिने त्याच्या टाचेमागे बोटं घातली. दोन बोटं सहज आत गेली आणि टाच वर उचलली गेली. तिच्या स्वतःच्या बुटात उभं राहिलं की अंगठा पुढे जेमतेम टेकायचा, गुडघे वाकवले की थोडा मागे यायचा, आणि टाच जागची हलायची नाही. बर्दियाचा पाय एकीकडे वळत होता आणि बूट जेव्हा मनात येईल तेव्हा.

मग त्यांनी फळ्यांकडे नीट पाहिलं. रोजीनची फळी उभी धरली की तिच्या हनुवटीच्या थोडी वर यायची. गावातल्या पोरांच्या फळ्या तेवढ्याच, फार तर नाकापर्यंत. दुकानातून बाहेर पडणाऱ्या पाहुण्यांच्या फळ्या मात्र डोक्याच्या वर जात होत्या. नियुशाने आपली फळी भिंतीला टेकवून मधोमध जोर लावला. ती दगडासारखी ताठ राहिली. रोजीनची लगेच वाकली.

त्या दोन्ही फळ्या घेऊन मुलं खालेकडे गेली. तिने एकेक फळी गुडघ्यावर दाबून पाहिली, नव्या फळीच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि हळूच सांगितलं, की ही शर्यतीत उतरणाऱ्यांची फळी आहे. उतारावरून वाऱ्यासारखं सुटणाऱ्याला ती हवी असते. सावकाश जाणाऱ्या नवशिक्याच्या पायाला ती जुमानत नाही आणि तिची कड बर्फात रुतली की माणूस सपाटीवरही आपटतो.

"मग नेमतआगांना सांग ना," रोजीन म्हणाली.

खालेने नकारार्थी मान हलवली. नेमतआगांनी ज्या फळ्या एवढ्या अभिमानाने आणल्या, त्या पाहुण्यांची हाडं मोडतात असं त्यांच्या तोंडावर कसं सांगायचं? तरी ती दुपारी गेली, आडून आडून विचारून आली. जुन्या फळ्या मागच्या खोलीत होत्या, पण त्या पाहुण्यांपुढे ठेवायच्या म्हणजे तोंडाला काळं फासून घेणं, असं नेमतआगांचं म्हणणं पडलं. वर त्यांनी खालेच्या पिशवीत पिस्ते भरून दिले. ती पिस्ते टेबलावर ठेवून भिंतीला टेकली आणि डोळे मिटून म्हणाली, "जाऊ दे. दोनच दिवस राहिलेत."

तिचा तो आवाज नियुशाला सहन झाला नाही. ती उठली, घसरगाडी काढली आणि भावंडांना घेऊन दुकानात गेली.

आता सर्ददऱ्यात काय, सगळ्या मुलखातच एक रीत आहे. पाहुण्याने एखाद्या वस्तूची फार स्तुती केली की यजमानाने म्हणायचं, "तुमचीच समजा." मग पाहुण्याने तीनदा "छे छे" म्हणायचं आणि वस्तू जागच्या जागी राहायची. कुणाचंच नुकसान होत नाही.

नियुशा मागच्या खोलीच्या दारात उभी राहिली. आत नऊ जुन्या फळ्या भिंतीला टेकून होत्या.

"आगा, ती निळी फळी किती सुंदर आहे," ती म्हणाली. "अशी मी तेहरानमध्येसुद्धा पाहिली नाही."

नेमतआगा खूश झाले. छातीवर हात ठेवून म्हणाले, "बाळ, तुझीच समज."

"मर्सी आगा, आभारी आहे," नियुशा म्हणाली आणि फळी उचलून काखेत मारली.

एवढा उद्धटपणा तिने जन्मात केला नव्हता. तिचे कान तापले. नेमतआगांचा हात छातीवर तसाच राहिला. तोवर बर्दियाने लाल फळीचं कौतुक सुरू केलं होतं आणि रोजीनने हिरवीचं. नेमतआगा बोलत गेले, कारण जिभेला दुसरं काही बोलायची सवयच नव्हती, आणि फळ्या जात राहिल्या. नवव्या फळीला त्यांनी स्वतःच दोरी आणून दिली, घसरगाडीवर नीट बांधा म्हणाले आणि मग खुर्चीत बसून विचारलं, "पोरांनो, हे काय चाललंय, मला कुणी सांगेल का?"

नियुशाने सगळं सांगितलं. मनगटांचंही.  नेमतआगांचा चहा पुढ्यातच थंड झाला.

गुरुवारी सकाळी वर्गातल्या आठही जणांना खालेने फळ्या उभ्या धरायला लावल्या आणि हनुवटी ते नाक एवढ्या उंचीच्या वाटून दिल्या. बुटांचं काम रोजीनकडे आलं, कारण लहान मुलाला शिष्टाचार माफ असतो. ती प्रत्येकाच्या टाचेमागे बोटं घाली आणि ज्याचा बूट सैल त्याला हाताला धरून दुकानात नेई. "आगा, या बाईंना तुमचे बूट फार आवडलेत, पण त्यांच्या पायाला आवडलेले नाहीत," ती म्हणे, आणि नेमतआगा लालबुंद होऊन खाली बसत, स्वतःच्या हाताने दुसरे बूट चढवत. जास्तीचे मोजे त्यांनी सगळ्यांना काढायला लावले. एकच, पण पायाला नीट बसणारा.

माणसं त्या दिवशीही पडली. पण बसल्यासारखी पडली आणि उठली. नियुशाने दुपारी पहिलं वळण घेतलं. ते इतकं सोपं होतं की तिला आधीच्या सगळ्या दिवसांचा राग आला.

शुक्रवारी चार वाजता तवक्कुली खाली येऊन उभे राहिले. शेवटच्या फेरीत वर फक्त बेकरीवाल्या बाई उरल्या होत्या. खाले मधल्या टप्प्यावर उभी होती. इतक्या दिवसांच्या उन्हाने तिचे ओठ फुटले होते. बाई निघाल्या, एक वळण झालं, दुसरं झालं, आणि सपाटीवर, मास्तर पडले होते जवळजवळ तिथेच, त्या हेलकावल्या आणि पडल्या.

कुणी हललं नाही. बर्दियाने नियुशाचा हात इतका घट्ट धरला की तिला दुखलं.

बाईंनी दोन्ही मुठी वर केल्या, उघडल्या, सगळी बोटं हलवून दाखवली. मग गुडघ्यांवर आल्या, उठल्या आणि हळूहळू तवक्कुलींच्या पायाशी येऊन थांबल्या.

तवक्कुलींनी घड्याळ पाहिलं. खालेला म्हणाले, की वर्ग चालू राहील आणि उद्या त्यांची पत्नीही यायचं म्हणते आहे, चालेल का? जाताना त्यांनी मुलांच्या पाठीवर थाप मारली. नेमतआगा आशचं, म्हणजे गरम दाट सुपाचं, मोठं पातेलं घेऊन आले आणि सगळ्यांना वाढता वाढता म्हणाले, की तीस वर्षांत दुकानात इतकी उद्धट गिऱ्हाइकं आली नव्हती, आणि देव करो, अशी रोज येवोत. शहरातल्या चकचकीत फळ्यांवर त्यांनी पाटी लावली होती: फक्त जाणत्यांसाठी.

घरी आल्यावर खाले बूटही न काढता गालिच्यावर आडवी झाली. नियुशा तिच्या बुटाच्या नाड्या सोडू लागली.

"एकोणीस वर्षं," खाले डोळे मिटूनच म्हणाली, "मी लोकांना गुडघे वाकवा, गुडघे वाकवा म्हणून ओरडले. त्यांच्या पायात काय आहे ते बघायला मी स्वतः एकदाही वाकले नाही. तुम्ही वाकलात."

 नियुशाने दुसरा बूट ओढून काढला तोवर खालेला झोप लागली होती.