एका वेळी एकच बदल

स्पार्क प्लगच्या टोकावर काजळी होती. मखमलीसारखी कोरडी, बोटाच्या रेषांमध्ये जाऊन बसणारी. त्याने तो प्लग रुमालावर ठेवून माझ्यापुढे धरला.

"बिस्किटासारखा तपकिरी रंग हवा," तो म्हणाला. "हे तर तव्याचं बूड आहे, मॅडम."

तेव्हा मला त्याचं नावही माहीत नव्हतं. बेलापूरच्या पेट्रोल पंपावर तो माझ्या मागे स्कूटर घेऊन उभा होता. माझी जुनी बीटल गाडी पेट्रोल भरल्यावर चालूच होईना. मागची गाडीवाली मंडळी हॉर्न वाजवू लागली, तसा तो उतरला आणि एकट्यानेच गाडी ढकलत झाडाच्या सावलीत घेऊन गेला. मग इंजिन जरा निवू दिलं, स्कूटरच्या डिकीतून प्लगचा पाना काढला आणि हसला. "स्कूटरचा पाना हिला बसतो. दूरचं नातं असणार."

प्लग घासून पुन्हा बसवताना त्याने सहज विचारलं, "किती देते?"

"मोजलं नाही."

त्याची नजर माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर गेली. पाण्याची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत मी रसायनशास्त्रज्ञ आहे. "म्हणजे लोकांच्या पाण्यातलं शिसं मोजता, आणि स्वतःचं पेट्रोल नाही?"

मी ओळखपत्र उलटं केलं. मोजलं असतं तर निर्णय घ्यावा लागला असता... गाडी बाबांची. ते गेल्यापासून आई म्हणत होती, "हत्ती पोसणं झालं, क्षिप्रा. काय ते ठरव." कर्जतजवळ रिसॉर्ट चालवणारे हौसेराव गाडी मागत होते. चालवायला नाही, बागेत उभी करायला. बॉनेटमध्ये माती भरून बोगनवेल लावणार होते. मी दर वेळी सांगायचे – पुढच्या महिन्यात कळवते.

"मोजायचं का?" त्याने विचारलं. "टाकी काठोकाठ भरायची, ठरलेला रस्ता धरायचा, परत याच पंपावर काठोकाठ भरायची. मी करंजाड्याला राहतो. तिथपर्यंत जाऊन येऊ. आणि हो... मी शौनक. तळोज्याला कॉम्प्रेसर बनवतो. चोर नाही."

गेलो. आकडा इतका वाईट निघाला, की आम्ही दोघंही हसत सुटलो.

"पुढच्या रविवारी टायर, चोक, टायमिंग, सगळं एका दुपारी करून टाकतो," तो म्हणाला. "टेन्शन नका घेऊ."

"नाही. एका वेळी एकच बदल."

"का पण?"

"मग कशामुळे फरक पडला ते कसं कळणार?"

"फरक पडला की झालं ना!"

"नाही झालं," मी म्हणाले. "रस्ता तोच, वेग तोच, वजनही तेच हवं. पहिल्या फेरीला आपण दोघं होतो. म्हणजे दर फेरीला दोघं लागतील."

हे मी निव्वळ शास्त्र म्हणून बोलले होते. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे, मग परत माझ्याकडे. "शास्त्रापुढे आपलं काय चालणार," तो गंभीरपणे म्हणाला. माझे कान मात्र उगाचच तापले.

असे आमचे रविवार सुरू झाले. टायरमधली हवा. मग मागचं एक चाक किंचित अडखळत होतं, तो ब्रेक. मी गाडी चालवायची, त्याने खिडकीत कोपर टेकवून इंजिन ऐकायचं. हिवाळ्याच्या सकाळी खाडीवरून चिखलाचा खारट वास यायचा आणि मागून, डिकीच्या जागी बसवलेल्या त्या इंजिनाची टपटप. मला वाटायचं, करंजाडे अजून थोडं लांब असायला हवं होतं.

त्याचे हात बघत राहावेसे होते. कार्ब्युरेटरचा स्क्रू तो डोळे मिटून फिरवायचा. आवाज सुधारेपर्यंत पुढे, मग केसभर मागे. अवजार पुसल्याशिवाय कधी परत ठेवलं नाही. आणि एखादी गोष्ट येत नसली तर लगेच म्हणायचा, "माहीत नाही. शोधू." इतक्या सहज हे म्हणणारा माणूस माझ्या प्रयोगशाळेत मला अजून भेटायचा आहे.

"तुम्ही क्लच सोडता ना," एकदा तो म्हणाला, "झोपलेल्या बाळाच्या डोक्याखालून हात काढावा तसा."

"तुम्ही इंजिन ऐकायला बसता की पाय बघायला?"

"दोन्ही. वजन तेच, काम डबल."

थंडीत जादा पेट्रोल सोडणाऱ्या चोकची तार निघालेली सापडली त्या रविवारी आकडा चांगलाच सुधारला. करंजाड्याच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. तोवर 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं. तो ग्लास हातात फिरवत राहिला.

"क्षिप्रा, एक विचारू? हे टेस्टिंग संपल्यावरही मी... येत राहिलो तर? रविवारीच नाही. रोजच. म्हणजे एका घरात. लग्नच म्हणतोय मी, सरळ सांगायचं तर."

माझ्या चहावर साय धरली होती. मी ती बोटाने बाजूला केली.

"चाचण्या संपू देत," मी म्हणाले. "मग सांगते."

आणि मग मी चाचण्या संपूच दिल्या नाहीत. एक फेरी काचा उघड्या ठेवून, एक बंद ठेवून. एक स्टेपनी काढून. शौनकच्या सगळं लक्षात येत होतं. "पुढच्या वेळी काय, आरसा तिरका करून बघायचा?" तो विचारायचा. पण यायचा. दर रविवारी, दाढी करून.

तरीही एक गोष्ट मला खरंच खटकत होती. खारघर मागे पडेपर्यंत इंजिनाचा आवाज जड असायचा.

"थंडी आहे," शौनक म्हणाला.

"एवढी नाही. पेट्रोलची नीट वाफच होत नसणार. हे इंजिन हवेवर थंड होतं ना? मग सुरुवातीला ते तापेपर्यंत हवा अडवणारं काहीतरी असायला हवं."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग गाडीखाली शिरला. थोड्या वेळाने खालून आवाज आला, "थर्मोस्टॅट नाही! हवा अडवणाऱ्या झडपाही काढल्यात. बॉस, तू गाडीखाली न जाता ओळखलंस! कुणी काढलं असेल?"

मला ते आठवलं. बाबा बनियनवर, हात काळे. "आपल्याकडे काय बर्फ पडतो? उगाच हवेला अडथळा."

मी घरी हे सांगितलं, तर शुक्रवारी संध्याकाळी आई माळ्यावरून फराळाचा जुना पत्र्याचा डबा घेऊन आली. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या झडपा होत्या आणि थर्मोस्टॅटचा पितळी डबीसारखा तुकडा.

"बाबांचं काम उलटवायचं..." मी म्हणाले. "बरं नाही वाटत गं."

"त्यांनाही कळलं होतं की," आई म्हणाली. "काढल्यापासून गाडी जास्त पिते म्हणून. परत बसवायचंच होतं. पण कबूल कोण करणार? उद्या बसवू, उद्या बसवू... उद्या म्हणता म्हणता माणूसच गेला." ती डब्याचं झाकण पुसत राहिली. "हौसेराव रविवारी टेम्पो घेऊन येणारेत. मी हो म्हटलेलं नाही, नाही पण म्हटलेलं नाही. ते तू सांगायचंस. आणि त्या करंजाडेवाल्यालाही काहीतरी सांग. किती फेऱ्या मारायला लावशील?"

शनिवारभर शौनक इंजिनाशी झटला. मी त्याच्या हातात एकेक नट देत होते. रविवारी निघालो, तर खारघरच्या कितीतरी आधीच इंजिनाचा आवाज मोकळा झाला होता. परतल्यावर पंपावर टाकी भरली. आकडा मी दोनदा तपासला. मग त्याच झाडाखाली प्लग काढला.

बिस्किटासारखा तपकिरी.

शौनकने तो पुन्हा रुमालावर ठेवून माझ्यापुढे धरला.  

सोसायटीच्या गेटशी टेम्पो उभा होता. हातात झेंडूचा हार घेऊन हौसेराव आमचीच वाट बघत होते. आई जिन्याच्या पायरीवर उभी होती.

"या ताई! आलो बगा न्यायला," हौसेराव म्हणाले. साताऱ्याचा आवाज, सगळ्या खिडक्यांपर्यंत पोचणारा. "काय रुबाब हाय गाडीचा! बागंत ठिवली की लोकं फोटोला रांग लावत्याल. हार घालू न्हवं?"

शौनक उतरला. दार नेहमीसारखं हलक्या हाताने लावलं आणि सकाळी गेटशी लावलेल्या स्कूटरकडे निघाला. जाता जाता माझ्या खिडकीशी वाकला.

"टेस्टिंग संपलं, क्षिप्रा," तो हळूच म्हणाला. "आता माझं वजन लागणार नाही."

त्याच्या कपाळावर काळा डाग होता. चेहऱ्यावर तक्रार नव्हती, घाई नव्हती. प्रश्न विचारून झाला होता, आणि उत्तर माझ्याकडे होतं... कितीतरी रविवारांपासून.

मी इंजिन बंद केलं. खाली उतरले.

"काका, गाडी द्यायची नाही," मी म्हणाले. "ती चालते. चालतच राहणार आहे."

हौसेरावांचा हार हवेतच राहिला. शौनकने हेल्मेट अर्धं घातलं होतं. माझा आवाज एरवी प्रयोगशाळेतल्या शेजारच्या टेबलापर्यंतही जात नाही. त्या दिवशी तो गेटपर्यंत गेला.

"शौनक, स्कूटर राहू दे. मला तुझ्याशी लग्न करायचंय."